पहिल्यांदा मुंबई बघताना: बोरीबंदर ते गेटवे, पायी

आजचा आपला विषय आहे सहल, आणि तीही मुंबईची. पहिल्यांदाच जाणाऱ्या बायकांनी, आपल्या आपण, गटागटाने जाऊन मुंबई कशी बघावी, हे आज सांगणार आहे.

आपल्यातल्या पुष्कळ जणी मुंबईला जाऊन आल्या आहेत. कुणी दवाखान्यासाठी, कुणी भाच्याच्या लग्नाला, कुणी महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटाचा माल विकायला. पण मुंबई बघितली का, असं विचारलं की उत्तर येतं, "बघायला वेळ कुठं होता? जाताना गाडीतून दिसली तेवढी." दवाखान्यातली मुंबई निराळी आणि बघायची मुंबई निराळी. म्हणून एकदा फक्त बघायला जायचं.

आपण शिंगणापूरच्या बाया. आपल्या गावात रोज हजारो नवखी माणसं येतात. नवखा माणूस कसा ओळखू येतो, तो कुठं फसतो, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? रस्त्यावर गाडीला आडवे जाणारे लटकू आपण रोज बघतो. "इकडं पार्किंग फुकट आहे, हेच दुकान देवस्थानाचं आहे," असं म्हणत ते माणसाला ओढून नेतात. मुंबईत स्टेशनबाहेर आणि गेटवेला असेच लटकू असतात, फक्त त्यांची भाषा वेगळी. कुणी म्हणेल, "दोनशे रुपयांत सगळी मुंबई दाखवतो." कुणी फोटो काढून आधी हातात देईल आणि मग पैसे मागेल. तिथं एकच करायचं, "नको दादा" म्हणायचं आणि चालत राहायचं. आणखी एक गोष्ट. आपल्या गावात घरांना दारं नाहीत, कुलूप लावायची सवय नाही. मुंबईत मात्र पिशवीची चेन बंद, पिशवी पोटाशी, आणि पैसे दोन ठिकाणी ठेवायचे.

आता बघायचं काय? बस करून एका दिवसात वीस ठिकाणं बघता येतात. पण त्यात निम्मा दिवस गाडीत जातो, आणि नटांच्या बंगल्यांची फाटकं बघून आपण परत येतो. त्यापेक्षा मी सांगते ती एकच सरळ वाट पायी चाला. बोरीबंदर स्टेशनापासून गेटवेपर्यंत. अंतर अडीच ते तीन किलोमीटर, म्हणजे आपल्याला शेतावर जाऊन येण्याइतकं. एवढ्या वाटेवर जुनी मुंबई आहे, आणि बायकांच्या आयुष्याशी जोडलेल्या कितीतरी गोष्टीही आहेत. त्यातली एक तर थेट आपल्या गावची आहे. ती पुढे सांगते.

आधी थोडी या शहराची गोष्ट. मुंबई पूर्वी सात बेटांची होती. कोळी आणि इतर लोक तिथं राहायचे. पुढे बेटं पोर्तुगिजांकडे गेली. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, आणि त्या करारात मुंबई आंदण म्हणून दिली गेली. आपल्याकडे भांडी देतात, कपाट देतात, तिथं गाव दिलं! त्या राजकन्येने मुंबई कधी डोळ्यांनी बघितली नाही. इंग्लंडच्या राजालाही तिचं फार कौतुक नव्हतं. त्याने १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कंपनीने तिथं किल्ला बांधला, भोवती तटबंदी केली. म्हणून आजही त्या भागाला 'फोर्ट' म्हणतात. तटाला दरवाजे होते, त्यातला एक चर्चजवळचा. तो दरवाजा गेला, पण चर्चगेट हे स्टेशनाचं नाव राहिलं.

मग हा तट कुठं गेला? १८६० नंतरच्या काही वर्षांत तो पाडला. त्याच सुमाराला एक गोष्ट घडली, ती कपाशी लावणाऱ्या बायकांनी नीट ऐकावी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथल्या चार्ल्सटनसारख्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकेचा कापूस थांबला. मग आपल्याकडच्या कापसाला मागणी आली, भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव कोसळले, मोठमोठे व्यापारी बुडाले. कापसाच्या भावाचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, बघा. पण त्या काळात शहराने मोठी स्वप्नं बघितली, आणि तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्याच आपण बघणार आहोत.

सुरुवात बोरीबंदरपासून, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली. आत्ताची इमारत बांधायला १८७८ साली सुरुवात झाली आणि काम १८८८ साली पुरं झालं. म्हणजे दहा वर्षं लागली. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. गाडीतून उतरून धावत सुटू नका. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जा आणि मान वर करून बघा. मधल्या घुमटावर एक बाई उभी आहे. एका हातात मशाल, एका हातात चाक. तिचं नाव 'प्रगती'. रोज लाखो माणसं तिच्या खालून जातात, वर बघणारे थोडे. दगडात कोरलेले मोर, माकडं, पानं-फुलं बघा. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, एका बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला.

स्टेशनाच्या जवळच कामा हॉस्पिटल आहे. तिथं आत जायचं नाही, आजारी माणसं असतात. बाहेरूनच नमस्कार करायचा. हे हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं, पेस्तनजी कामा नावाच्या पारशी गृहस्थांच्या देणगीतून. खास बायका-मुलांसाठी, आणि तपासायला डॉक्टरही बायकाच. त्या काळी पुरुष डॉक्टरला अंग दाखवायचं नाही म्हणून बायका दुखणं अंगावर काढायच्या, बाळंतपणात मरायच्या. म्हणून ही सोय झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी याच हॉस्पिटलात शिरले. तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गरोदर बायकांना एका छोट्या खोलीत नेऊन वाचवलं. आपल्या आशाताई आणि नर्सताईंना ही जागा जरूर दाखवा.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ चालत निघा. दोन्ही बाजूंना कमानींचे पदपथ आहेत, उन्हात सावली मिळते. पंधरा-वीस मिनिटांत हुतात्मा चौक येतो. इथलं कारंजं १८६४ सालचं. त्याच्याजवळ शेतकरी आणि कामगार हातात मशाल धरून उभे आहेत. मुंबईसह मराठी माणसाचं राज्य व्हावं म्हणून जी चळवळ झाली, त्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. त्यांचं हे स्मारक. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं ते यांच्यामुळे. १ मे ला आपण शाळेत झेंडावंदनाला जातो, पण या माणसांची आठवण इथं उभं राहून जास्त होते.

आता चौकातून ओव्हल मैदानाकडे जा. मैदानाच्या कडेला झाडाखाली बसून घ्या, दशम्या सोडा, पाणी प्या. समोर बघा, एका ओळीत उंच, टोकदार शिखरांच्या काळ्या-पिवळसर दगडी इमारती दिसतील. त्यातलं घड्याळाचं उंच टॉवर म्हणजे राजाबाई टॉवर. उंची २८० फूट, पुरं झालं १८७८ साली. पैसे दिले प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आणि नाव दिलं आपल्या आईचं. सांगतात, की त्याची आई आंधळी होती. जैन असल्याने सूर्य मावळायच्या आत तिला जेवायचं असे. घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी म्हणून लेकाने हे केलं. युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले तेव्हा हा व्यापारीही बुडाला होता. तरी टॉवर उभं राहिलं, आणि मुंबईतल्या सगळ्यात देखण्या इमारतीला एका म्हाताऱ्या आईचं नाव लागलं.

त्याच ओळीत, टॉवरच्या शेजारी, मुंबई उच्च न्यायालय आहे. हीच ती जागा, आपल्या गावची गोष्ट जिच्याशी जोडलेली आहे. ही इमारतही १८७८ सालची. तिच्या माथ्यावर दोन मूर्ती आहेत, दोन्ही बायकांच्या. एक न्यायाची, एक दयेची.

या इमारतीत रखमाबाईचा खटला चालला. तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठी झाल्यावर ती म्हणाली, माझ्या समजुतीआधी झालेलं हे लग्न मला मान्य नाही, मी नांदायला जाणार नाही. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला, पण नवऱ्याने अपील केलं. मग १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, मी तुरुंगात जाईन. सगळ्या देशात गाजलं ते. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती मोकळी झाली. मग कामा हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई एडिथ पीची यांच्यासारख्या लोकांच्या मदतीने ती लंडनला गेली, डॉक्टर झाली, आणि परत येऊन तिने सुरत आणि राजकोटला कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. मघाशी बघितलेलं हॉस्पिटल आणि ही इमारत, दोन्ही एका बाईच्या आयुष्यात अशी जोडलेली आहेत.

आणि आता आपल्या गावची गोष्ट. शनिदेवाच्या चौथऱ्यावर बायकांनी जायचं की नाही, याचा वाद आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी त्यासाठी याच उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. जिथं पुरुष जाऊ शकतात तिथं बायकांना अडवता येत नाही, कायदा तसा आहे, असं कोर्टाने २०१६ साली सांगितलं. त्यानंतर ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने बायकांना चौथरा मोकळा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच कोर्टाने मुंबईच्या हाजी अली दर्ग्याबद्दलही तसाच निर्णय दिला.

त्या वेळी आपल्या गावात मतं दोन होती, बायकांतही होती. ज्यांना जायचं त्या जातात, ज्यांना रीत पाळायची त्या लांबून हात जोडतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, आज मी त्यात शिरत नाही. पण एवढं मात्र म्हणते, की आपल्या गावच्या, आपल्या पायांच्या बाबतीत अडीचशे किलोमीटरवरच्या ज्या घरात निर्णय झाला, ते घर आपण एकदा तरी बघावं. कोर्ट, कचेरी म्हटलं की आपण घाबरतो. बाहेरून नुसती इमारत बघितली, तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली, तरी ती भीती थोडी कमी होते.

ओव्हलवरून पुढे काळा घोडा, तिथं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ साली लोकांना खुलं झालं. तिकीट काढून दोन तास द्या. आत जुन्या मूर्ती, चित्रं, भांडी, हत्यारं, कापड सगळं आहे. आतलं स्वच्छतागृह चांगलं आहे, हेही सांगून ठेवते. बायकांना प्रवासात सगळ्यात मोठी अडचण हीच. आपण काय करतो? पाणीच पीत नाही. तसं करू नका, उन्हात चक्कर येते. मोठं स्टेशन, संग्रहालय, जेवायचं हॉटेल, जिथं सोय दिसेल तिथं गरज नसली तरी जाऊन घ्या. मुंबईत पुरुषांना लघवीला पैसे पडत नव्हते आणि बायकांकडून घेत होते, म्हणून बायकांनीच 'राईट टू पी' नावाची मोहीम चालवली. तेव्हा कुणी लघवीचे पैसे मागितले तर "का दादा?" असं विचारायला लाजू नका.

संग्रहालयापासून दहा मिनिटांत गेटवे ऑफ इंडिया. १९११ साली इंग्लंडचे राजा-राणी इथं उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. आणि गंमत बघा, स्वातंत्र्यानंतर २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. आले तिथूनच गेले. समोर घोड्यावर शिवाजी महाराज आहेत. महाराजांकडे तोंड करून उभ्या राहा आणि सगळ्यांचा एक फोटो काढा, आपल्याच मोबाइलवर.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जा. कठड्यावर बसायचं, सूर्य बुडताना बघायचा. खालच्या सिमेंटच्या तिकोनी दगडांवर मात्र उतरू नका. भरतीच्या लाटेने पाय निसटला तर सापडत नाही.

दुसरा दिवस हातात असेल तर गेटवेहून लाँचने घारापुरीला जा. समुद्रातून तासाभराचा रस्ता, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. वर डोंगर कोरून केलेली सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची शंकराची लेणी आहेत. वीस फुटी त्रिमूर्ती आहे, शिव-पार्वतीचं लग्न आहे, अर्धी बाई अर्धा पुरुष असा अर्धनारीश्वर आहे. सोमवारी लेणी बंद असतात. लाँचमध्ये बसल्याबरोबर लाइफ जॅकेट मागायचं आणि घालायचं. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर लाँच बुडून माणसं गेली आहेत. साडीवर बरं दिसत नाही वगैरे मनात आणू नका.

घारापुरी नको असेल तर गिरगावात फिरून या. आपल्या गटांसाठी ते तीर्थक्षेत्रच आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचाच पुढे लिज्जत पापड झाला. तिथून वर गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ साली खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्या कानावर पडायच्या कितीतरी आधी.

आता पैशाचं आणि तयारीचं बोलू. सहलीला गटाचं अंतर्गत कर्ज काढायचं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. ते बी-बियाणं, शिक्षण, दुखणं आणि धंद्यासाठी. सहलीची वेगळी भिशी करा. बारा जणींनी महिन्याला शंभर रुपये टाकले तर दहा महिन्यांत बारा हजार होतात. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजींना तर फुकट. आधार कार्ड मात्र जवळ हवं. शिर्डीहून रेल्वेही आहे. राहायचं ठिकाण निघायच्या आधी फोन करून पक्कं करा, "तिथं गेल्यावर बघू" असं नको.

दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा, ऊन कमी असतं. मंगळवार ते शुक्रवार बरे. रविवारी गेटवेला पाय ठेवायला जागा नसते आणि लोकलचा मेगाब्लॉक असतो. लोकलने जायचं तर सकाळी अकराच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर टाळा. बायकांचा डबा वेगळा असतो, फलाटावर त्याची खूण असते, तिथंच उभ्या राहा. स्लो गाडी सगळीकडे थांबते, फास्ट थांबत नाही, विचारून चढा. बोरीबंदर-गेटवे भागात रिक्षा चालत नाही. बेस्टची बस किंवा काळी-पिवळी टॅक्सी, आणि टॅक्सीत मीटर टाकायला सांगा.

दोघी-दोघींची जोडी करा, जोडी सोडायची नाही. प्रत्येकीच्या बटव्यात एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर गटातल्या दोघींचे नंबर आणि मुक्कामाचा पत्ता. मोबाइल बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही. चुकामूक झाली तर कुठं थांबायचं, ते प्रत्येक ठिकाणी उतरल्या उतरल्या ठरवा. अडचण आली तर ११२, रेल्वेत १३९. वाचता येणाऱ्या मुलीला बरोबर घ्या. ती पाट्या वाचेल आणि तिलाही जग दिसेल.

घरचे विचारतील, "कशाला पाहिजे? तिथं काय काम आहे?" तेव्हा काम शोधून सांगू नका. बघायला जायचंय, एवढंच सांगा. पुरुष माणूस पंढरपूर, कोल्हापूर, गोवा फिरून येतो, त्याला कुणी काम विचारत नाही. आपण घरचं सगळं मार्गी लावून, आपल्या भिशीच्या पैशाने जातो आहोत.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कोण कोण येणार, भिशी किती, तारीख कोणती, हे सचिव ताईंनी प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यावं. लिहिलं की होतं, नुसतं बोललं की राहून जातं, हा आपल्या सगळ्या गटांचा अनुभव आहे. आणि जाऊन आल्यावर आपल्या रेडिओवर येऊन सांगा, काय बघितलं ते. बाकीच्या बायका ऐकतील आणि त्याही निघतील.